बिजली कोंबडीचं बाळंतपण

तुमच्यापैकी एकही जण यावर विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मागं एका गोसाव्याला ही गोष्ट सांगितली. हिमालय पायी पाहून आलेला माणूस, वाघाशी बोलतो म्हणायचा. पण मी अंड्यापाशी आलो तसा तो झोळी उचलून चालता झाला. गोष्ट मात्र खरी आहे. साक्षीदारही समोरच बसली आहे. ती बघा, मनकर्णा, सुपात ज्वारी निवडून राहिली आहे. शंका आली तर तिला विचारा. फक्त गोष्ट संपायच्या आधी विचारू नका.

गोष्ट सूर्यभानाची. हा सूर्यभान कोण, त्याची बायको कोण, तो म्हातारपणी कोणासारखा दिसायला लागला, असल्या चौकशा भल्या माणसांनी करू नयेत. देखणा, दिलदार आणि शब्दाचा पक्का गडी होता, एवढं पुरे.

"देखना?" मनकर्णा सुपातून मान वर न करता म्हणाली.

शब्दाचा पक्का होता. पुढं चला.

ते दिवस कापसाचे. तिकडं अमेरिकेत गोरे आपसात लढायला लागले, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडं आपल्या वऱ्हाडात ज्याच्याकडं दोन बोंडं तो शेठ झाला. अमरावतीच्या बाजारात दलाल लोक शेतकऱ्याला आधी पान द्यायचे, मग भाव विचारायचे. बैलगाडीच्या चाकांना लोकांनी चांदीच्या धावा बसवल्या. तुळशीपुरती जागा सोडून अंगणातही कापूस लावला. आणि नेमक्या त्याच साली तिवशाच्या अलीकडच्या आमच्या गावात सूर्यभानानं आपल्या सगळ्या वावरात ज्वारी पेरली.

लोकांनी विचारलं, काहून गा? तो म्हणाला, "सारेच कापूस पेरून राह्यले, मंग खाचं काय? गादी?" आता हे बोलणं बरोबर होतं. पण त्या साली बरोबर बोलणाऱ्याला गावात कोणी बसायला घोंगडी देत नव्हतं. सूर्यभानाचं नाव 'ज्वारीवाला' पडलं. त्याचं त्यानं काही मनाला लावून घेतलं नाही. पण त्याची एकुलती एक लेक जमुना अकोल्याकडं, पातूरला दिलेली. तिचा सासरा वामनराव म्हणजे चांदीच्या धावांचा मोठा असामी. त्या घरात सुनेला नावानं हाक मारायची कोणाला आठवणच राहिली नाही. 'ज्वारीवाल्याची, पानी आन वं. ज्वारीवाल्याची, वसरी झाड.' हे मात्र त्याच्या काळजाला लागलं.

दिवाळीनंतर तो तिला सासरी पोचवायला गेला. पातूरला वामनरावाच्या घरी पंगत बसली. घरात जिकडंतिकडं कापूस. माणसं कापसाला टेकून बसलेली, मांजर कापसात व्यालेली, आणि परसात बघावं तर कोंबड्यांच्या खुराड्यातही कापसाची गादी. वामनरावानं सूर्यभानाच्या ताटात अंड्याचा रस्सा स्वतःच्या हातानं वाढला.

"घ्या इवाई, लाजू नोका. माह्या कोंबड्या थंडीत बी अंडे देतेत. कापसावर निजतेत नं त्या! तुमच्या घरी ज्वारी पाहूनच रुसत असतीन बिचाऱ्या."

पंगत हसली. दाराआड बांगड्या वाजत होत्या, जमुना पोळ्या लाटत होती. त्या बांगड्या एकदम थांबल्या.

सूर्यभानानं हातातला घास ताटात ठेवला. तुम्हाला माहीत आहे, उतू जाणाऱ्या दुधाला आणि बोलत सुटलेल्या माणसाला आवरणारं कोणी जवळ असावं लागतं. मनकर्णा तर गावी होती.

"वामनराव, संक्रांतीले या माह्या घरी. सकाळच्या पारी माह्या कोंबडीनं माह्या ज्वारीवर ताजं अंडं नाई देल्लं, तं साऱ्यायसमोर मिशी उतरवतो."

"अन् देल्लं तं?"

"तं येत्या मिरगात तुमी अर्ध्या वावरात ज्वारी पेरा. अन् माह्या पोरीले तुमच्या घरात तिच्या नावानं हाक मारा."

वामनराव इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या साली अर्ध्या वावरात ज्वारी पेरणं म्हणजे तिजोरीला आपल्या हातानं आग लावणं. पण अंडं निघणार नाही याची त्याला खात्री होती, म्हणून त्यानं सगळ्या पंगतीसमोर टाळी दिली.

परतीच्या वाटेवर बैलांच्या घुंगरांच्या नादात सूर्यभानाला हळूच आठवलं, की आपल्या घरच्या कोंबड्यांनी थंडी पडल्यापासून एकही अंडं दिलेलं नाही.

त्यातली मुख्य कोंबडी बिजली. काळीभोर, तुरेदार, चालायची अशी की पाटलीणबाई देवळात निघाल्या. उन्हाळ्यात तिनं अंडी द्यायची आणि बाकीच्यांनी कौतुक करायचं, अशी रीत होती. थंडीत मात्र ती पिसं फुगवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसायची आणि माणसाकडं असं बघायची, की जणू थंडी आपणच आणली.

सूर्यभानानं नत्थुजींना विचारलं. नत्थुजी म्हणजे आमच्या गावचे वैद्य. बैल, बाई आणि बाभूळ या तिघांनाही औषध द्यायचे. त्यांनी बिजलीची नाडी बघायचा प्रयत्न केला, तिनं त्यांचं बोट बघितलं. मग बोटाला चिंधी गुंडाळत ते म्हणाले, "सूर्यभान, कोंबडी म्हंजे बी बाईच हाये. बाईले थंडीत ताकद याले काय देतो आपन? लाडू. हिले बी लाडू दे."

मनकर्णा म्हणाली, "माह्या हातचे लाडू मानसं खातेत. कोंबडीचे तुमीच वळा."

त्यानं वळले. ज्वारीचं पीठ भाजलं, तीळ आणि जवस घातले, गुळाचा पाक केला. पाक झाला की नाही हे कसं ओळखायचं, हे विचारण्यात त्याला कमीपणा वाटला. पाक झाला, पुढं गेला, फार पुढं गेला. लाडू वळले तेव्हा मऊ होते. गार झाल्यावर त्यांतला एक खाली पडला तर जमिनीला खळगा पडला. कोंबड्यानं एकदा चोच मारली आणि दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसला, आरवलाही नाही. मनकर्णेनं एक लाडू वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराला लावला. एकावर तिनं विळा परजून पाहिला. विळा चांगला लागला, हे सूर्यभानाला फार लागलं.

मग शेजारची तानुबाई माळीण आली. तिचा मिरचीचा मळा. जगात मिरचीनं बरं होत नाही असं काही आहे, हे तिला मान्य नव्हतं. कुंपणावरून म्हणाली, "अवो भाऊजी, थंडीनं आखडली ती. मिरच्या घाला लाडवात. ऊब आली पायजे पोटात!" आणि ओंजळभर वाळक्या मिरच्या कुंपणावरून टाकल्या.

सूर्यभान जिद्दीचा. त्यानं त्या साऱ्या मिरच्या एकाच वेळी भाजल्या. पहिल्यांदा घर खोकलं, मग गल्ली, मग मारुतीच्या पारावरची मंडळी. वारा मळ्याकडं फिरला तसे तानुबाईच्या मोटेचे बैल दावं तोडून तिवशाच्या रस्त्याला लागले. कोंबड्यांनी मात्र लाडू आवडीनं फोडले, आतल्या मिरच्यांच्या बिया नेमक्या वेचून खाल्ल्या आणि ज्वारी पायानं उडवून लावली. अंडं काही दिलं नाही. तानुबाई संध्याकाळी बैल घेऊन परतली ती कुंपणापाशी थांबून म्हणाली, "म्या चिमूटभर सांगतली होती." ओंजळीनं द्यायची आणि चिमूट सांगायची, याला काय म्हणावं?

तरी त्यानं हार मानली नाही. रात्री अंथरुणावर पडला की त्याला त्या थांबलेल्या बांगड्या ऐकू यायच्या. सकाळी उठून तो नत्थुजींकडं जायचा.

नत्थुजी म्हणाले, "आता थेट बाळंतिनीचेच कर. डिंक, अळीव, सुंठ, खोबरं, गोडंबी. त्यानं बी नाई झालं, तं कोंबडीत नाई, तुह्यात खोट हाये."

हे जिन्नस गावात कुठले! लोकांच्या घरात चांदी होती, पण दुकानात गोडंबी नव्हती. सूर्यभान अमरावतीला निघाला. माप समजावं म्हणून किराणावाल्याला दाखवायला आधीचे दोनचार लाडू पिशवीत घेतले. वाटेत एका जकात नाक्यावर त्याला अडवलं. नाक्यावरचा कारकून नवाच होता, सगळं कायद्यानं करणारा.

"पिशवीत काय हाये?"

"लाडू."

"कोनासाठी?"

सूर्यभान खोटं बोलत नसे. "कोंबडीसाठी," तो म्हणाला.

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. माणसानं खायचे लाडू म्हणजे मिठाई, तिची पट्टी वेगळी. जनावराचं खाणं म्हणजे वैरण, तिची वेगळी. पण कोंबडी खाते तो लाडू मिठाईत घालावा की वैरणीत? आणि वैरणीत घालावा तर जनावर बरोबर पाहिजे. कोंबडी कुठं आहे? मागं गाड्यांची रांग लागली. कापसाच्या गाडीवरचे लोक ओरडायला लागले. शेवटी कारकून म्हणाला, चाखून ठरवावं लागन. त्यानं लाडू तोंडात टाकला. तो मिरचीचा निघाला. कारकुनानं डोळे मिटले, कान लाल झाले, आणि पाण्याचा अख्खा घडा पिऊन तो एवढंच म्हणाला, "जा. हे मालच नाई." सरकारी कागदात न बसलेला असा तो एकच जिन्नस असावा.

किराणावाला डिंक तोलता तोलता म्हणाला, "वा! घरी कोन बाळंत झालं?"

"कोंबडी!" सूर्यभान खेकसला.

किराणावाल्यानं झटपट पुड्या बांधल्या. थकलेल्या बापाला चिडवू नये, असा त्याचा समज झाला असावा.

आता सांगायचं ते हे. आपल्याकडं डिंक तुपात फुलला की त्याचा वास चार घरं ओलांडून जातो, आणि त्या वासाचा अर्थ एकच असतो. सूर्यभानानं परसात चूल मांडून डिंक तळला. गावातल्या बायांनी मान वर केली. सूर्यभानाच्या घरी डिंक! लेक तर सासरी पातूरला. मग घरात बाई कोण उरली?

दुपारपर्यंत मनकर्णेच्या ओसरीवर बायाच बाया. कोणी झबलं आणलं, कोणी बाळंतशेपा. मनकर्णा शेणानं अंगण सारवत होती. तानुबाई तिला म्हणाली, "अवो माय, उठलीस काहून? सव्वा महिना तरी पडून राहा! या वयात झालं म्हनून काय लाजायचं?"

मनकर्णेनं शेणाचा हात कमरेवर ठेवला आणि सगळ्यांना बिजली दाखवली. बायांना ते पटलं नाही. कोंबडीसाठी डिंक कोण तळतो? म्हातारपणात पोर झालं ते लपवतात, असंच ठरलं. जाताना त्यांनी बाळंतिणीचे म्हणून लाडू तोंडात टाकले, आणि मग कोणाचा पाय निघेना. कारण, बाबांनो, त्या वर्षी साऱ्या गावात कापूस होता, दाणा नव्हता. चांदीचं काय चावायचं? भाजल्या ज्वारीचा, तूपगुळाचा असा खमंग घास कित्येकांच्या तोंडाला दिवाळीपासून लागला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ज्वारीवाल्याच्या दारात बाळंतीण बघायला गर्दी. बाप्येही यायचे. लाडू खायचे, 'पोरगं कोनावर गेलं?' विचारायचे आणि धोतराच्या सोग्यात आणखी दोन घेऊन जायचे.

सूर्यभान लाडू वळतच होता, लोक खातच होते. बिजलीनं एकही खाल्ला नाही. तिला डिंक चोचीला चिकटतो म्हणून आवडत नसे.

भोगीच्या दिवशी संध्याकाळी चांदीच्या धावांची गाडी दारात आली. वामनराव उतरला. मागून जमुना उतरली; छातीशी कापसाचं एक लहानसं गाठोडं धरून ती कोणाशी न बोलता सरळ आईकडं आत गेली. आणि त्यांच्या मागून गडी उतरला, त्याच्या डोक्यावर रंगवलेला पाळणा.

"इवाई," वामनराव डोळे मिचकावत म्हणाला, "खबर पातूरपर्यंत आली. आमी म्हटलं, रिकाम्या हातानं कसं जाचं? कुठं हाये आमचा नवा सोयरा?"

अंगणात सारा गाव जमलेला. सूर्यभानानं खाली बघितलं, वर बघितलं, मग खुराड्याकडं बोट दाखवलं. वामनराव हसून हसून गाडीच्या चाकाला धरून बसला. "कोंबडीचं बाळंतपन!" तो म्हणाला, "अन् न्हावी बोलावला का सकाळसाठी?"

न्हावी आलेलाच होता. गावात अशी कामं न सांगता होतात.

संक्रांतीची सकाळ. अंगावर काटा उभा राहील अशी थंडी. सूर्यभान अंधारातच उठून खुराड्यासमोर उकिडवा बसला. त्यानं बिजलीला हात जोडले. "माय," तो म्हणाला, "माह्यासाठी नको. पोरीसाठी दे." बिजलीनं एक डोळा उघडला आणि मिटला.

मनकर्णा पहाटेपासून चुलवणावरच्या अंघोळीच्या हंड्यापाशी होती. लाकडं सारत होती, हंड्यात डोकावत होती, पाहुण्यांना पाणी काढून देत होती. ऊन जरा वर आलं तशी ती सूर्यभानाला म्हणाली, "सनाच्या दिवशी पारोसं काय बसता? बिनआंघोळीच्या मानसासमोर कोनती कोंबडी अंडं देईन? जा, तीळ लावून न्हाऊन या."

बोलण्यात अर्थ होता. तो न्हायला गेला. आला तर अंगणात गाव उभा, न्हावी वस्तरा परजून बसलेला, वामनराव मधोमध. सूर्यभान खाली वाकला, खुराड्यात हात घातला, बिजलीच्या पोटाखाली हात नेला.

अंडं!

असंतसं नाही. गरम! असं गरम, की सूर्यभानाच्या हातातून ते वामनरावाच्या हातात गेलं आणि वामनराव "आरं आरं आरं" करत या हातातून त्या हातात ते नाचवायला लागला. ताज्या अंड्याची ऊब मी जन्मभर पाहिली, पण ही ऊब लाडवाची! नाचता नाचता ते सुटलं आणि ओट्याच्या दगडावर पडलं. टक्! आणि ऐका, अंड्याला तडा गेला, पण आतून एक थेंब सांडला नाही. उलट ते गडगडत गेलं आणि न्हाव्याच्या पायाशी थांबलं. त्या न्हाव्यानं वस्तरा गुंडाळून ठेवला. डिंकाची ताकद म्हणजे काय असते ते त्या दिवशी साऱ्या गावानं पाहिलं. बिजलीनं लाडू खाल्ले नसतीलही, पण वास तर घेतला होता! वामनराव म्हणाला, फोडून बघू. पण मनकर्णेनं झटकन ते पदराखाली घेतलं. "सनाच्या दिवशी पह्यलं अंडं फोडत नसतेत," ती म्हणाली. अशी रीत कोणी ऐकली नव्हती, पण बाईमाणसानं इतक्या ठामपणे सांगितल्यावर कोण वाद घालतो? जमुना दारात उभी होती, तोंडात पदराचा बोळा, खांदे हलत होते. आनंदानं रडत असावी.

वामनराव शब्दाला जागला. मिरगात त्यानं अर्ध्या वावरात ज्वारी टाकली. सारं पातूर त्याला हसलं. आणि त्याच साली अमेरिकेतली लढाई मिटल्याची खबर आली, कापसाचा भाव असा कोसळला की लोकांनी चाकांच्या धावा उतरवून सोनाराकडं नेल्या. वामनरावाच्या घरात मात्र पेवं भरलेली. तेव्हापासून त्या घरात सुनेला विचारल्याशिवाय पेरणी होत नाही. 'जमुना, या साली काय टाकाचं?' असं सासरा विचारतो. नावानं. आणि ती हसून म्हणते, 'ज्वारीवाल्याच्या लेकीले काय विचारता?'

तर सांगायचं ते हे, की सूर्यभानाच्या मिशीला आजतागायत वस्तरा लागला नाही. आणि हे सगळं कशानं झालं? डिंकाच्या लाडवानं आणि बिजलीच्या इमानानं. थंडीत, ज्वारीवर, तिनं दिलेल्या त्या एका अंड्यानं!

मनकर्णेनं सूप खाली ठेवलं.

"अवो, किती वर्सं सांगान हे?" ती म्हणाली. "बिजलीनं कुठलं अंडं देल्लं? ते जमुनानं पातूरहून कापसात गुंडाळून आनलं होतं, वामनरावाच्याच कोंबडीचं. वाटनं थंडगार पडलं होतं, म्हनून ऊब याले म्या हंड्याच्या पान्यात सोडलं, अन् पाहुन्यायच्या घाईत इसरून गेली. ते सांडन कसं? शिजलं होतं ते!"